यादीतली शेवटची दोन नावं

झिरोमाइल
9 सप्टेंबर 2025, रात्री 10:40

परवा हॉकीच्या आशिया चषकाची फायनल घरी बसून पाहिली. आदल्या दिवशी विसर्जन झालेलं, रविवारी ग्रहण. आईने वेध लागायच्या आत दुपारीच सगळ्यांची जेवणं उरकून घेतली होती, त्यामुळे साडेसातला टीव्ही लावला तेव्हा घरात कोणालाच दुसरं काही काम नव्हतं. पहिल्याच मिनिटाला सुखजीतने बॉल जाळ्यात मारला आणि बाबा जे उठून उभे राहिले ते पहिला क्वार्टर संपेपर्यंत बसले नाहीत. राजगीरला 4-1. तेही कोरियाला, ज्यांनी चारच दिवसांआधी आपल्याला 2-2 वर रोखलं होतं. आठ वर्षांनी चषक आला आणि पुढच्या ऑगस्टच्या वर्ल्डकपचं तिकीटही हातात पडलं.

आनंद आहेच. पण मला स्कोअरवर नाही, संघनिवडीच्या यादीवर बोलायचं आहे.

फायनलचे चार गोल कोणाचे ते बघा. सुखजीत एक, दिलप्रीत दोन, अमित रोहिदास एक. कर्णधार हरमनप्रीतचा एकही नाही. आदल्या दिवशी चीनला 7-0 ने हरवलं, तिथे सात गोल सहा जणांनी केले, त्यातही हरमनप्रीत नाही. आता पॅरिस ऑलिंपिक आठवा. आठ सामन्यांत आपले गोल 15, पैकी 10 एकट्या हरमनप्रीतचे. उरलेले पाच असे: अभिषेक दोन, मनदीप, विवेक सागर आणि सुखजीत एकेक. त्या पदकाबद्दल माझ्या मनात तिळमात्र कमीपणा नाही. पण एका माणसाच्या मनगटावर अख्खी टीम उभी होती, आणि ते मनगट त्या बारा-तेरा दिवसांत दुखावलं असतं तर काय, या विचाराने मला त्या वेळी झोप लागत नव्हती.

दिलप्रीत पॅरिसला नव्हता. टोकियोच्या पदकात होता, मग पॅरिसच्या सोळा जणांच्या संघात नाही आणि राखीव तिघांतही नाही. तोच परवा फायनलमध्ये दोन गोल मारून गेला.

हे एकदाच घडलंय असं नाही. टोकियोला सिमरनजीत मूळ सोळांत नव्हता, राखीव होता. कोरोनामुळे नियम बदलला आणि राखीव दोघांनाही संघात घेता आलं. ऑस्ट्रेलियाने आपल्याला 7-1 ने धुतल्यावर पुढच्या स्पेनच्या सामन्यात तो उतरला आणि गोल केला. आणि जर्मनीविरुद्ध कांस्यपदकाची ती सकाळ, 5 ऑगस्ट 2021! आपण 1-3 ने मागे होतो. शेवटी 5-4 ने जिंकलो, त्यातले दोन गोल सिमरनजीतचे. गोलकीपर श्रीजेशने शेवटच्या सेकंदांत अडवलेला पेनल्टी कॉर्नर (बचाव करणाऱ्यांच्या चुकीबद्दल गोलसमोर मिळणारी संधी) सगळ्यांना आठवतो, आठवायलाच हवा. पण नियम बदलला नसता तर ते दोन गोल करणारा माणूस टोकियोत मैदानावर पायच ठेवू शकला नसता. 41 वर्षांनी आलेलं पदक यादीच्या अगदी काठावरच्या माणसाने आणलं.

उलटं उदाहरण 2023 च्या वर्ल्डकपचं. भुवनेश्वर-राउरकेला, घरचं मैदान, भरलेली स्टेडियम. इंग्लंडच्या सामन्यात मधल्या फळीतल्या हार्दिकचा हॅमस्ट्रिंग (मांडीच्या मागचा स्नायू) गेला. त्याच्या जागी नंतर राजकुमार पाल आला, पण हार्दिक मधून बॉल घेऊन जे पळतो, समोरच्या दोघांना आपल्यावर ओढतो आणि मग पास सोडतो, ते काम करायची तयारी कोणाकडूनच करून घेतलेली नव्हती. न्यूझीलंडविरुद्ध 3-1 ने पुढे असताना 3-3 झाले आणि शूटआऊटमध्ये बाहेर. नववा नंबर. मी त्या दिवशी जेवलो नाही. लोक म्हणाले पेनल्टी कॉर्नर वाया घालवले, प्रशिक्षकाचं चुकलं. असेल. माझ्या मते तो सामना आपण हार्दिक पडला तेव्हाच अर्धा हरलो, कारण दुसरा हार्दिक तयार नव्हता.

म्हणून मी म्हणतो, पहिल्या अकरांवर वाद घालू नका. ते सहसा बरोबरच असतात. यादीतली शेवटची दोन नावं कोणती, यावर आपल्या स्पर्धा ठरतात.

पुढच्या वर्षीच्या नेदरलँड्स-बेल्जियमच्या वर्ल्डकपसाठी माझी दोन नावं जुगराज आणि राजिंदर.

जुगराज का, तर एक नियम लक्षात घ्या. पेनल्टी कॉर्नर, म्हणजे पीसी, मिळाला की तो पूर्ण होईपर्यंत खेळाडू बदलता येत नाही. म्हणजे हरमनप्रीत दम खायला बेंचवर बसलाय आणि तेवढ्यात आपल्याला पीसी मिळाला, तर तो धावत आत येऊ शकत नाही. जो मैदानात आहे त्यानेच फ्लिक (बॉल स्टिकने ओढून गोलवर फेकायचा फटका) मारायची. तो दुसरा माणूस पहिल्याइतकाच धोकादायक पाहिजे, नाहीतर समोरचे रशर, म्हणजे फ्लिक अडवायला धावत येणारे, निर्धास्त सुटतात. पॅरिसला जुगराज राखीवमध्ये होता. महिनाभराने हुलुनबुइरला एशियन चॅम्पियन्स ट्रॉफीच्या फायनलमध्ये चीनने 50 मिनिटं भिंत उभी केली होती. ती फोडणारा एकमेव गोल त्याचाच, आणि तोही पीसीवर नाही, चालू खेळातला.

राजिंदर का, ते वर हार्दिकबद्दल लिहिलंय त्यातच आलं. पण त्याला कझाकस्तानविरुद्ध 15-0 च्या सामन्यात खेळवून काही होणार नाही. नेदरलँड्ससमोर, 2-2 असताना, चौथ्या क्वार्टरला उतरवा. जूनमधला युरोपचा प्रो लीग दौरा सगळ्यांनी पाहिला आहे. सलग सात पराभव, त्यातले सहा एकेका गोलाचे. एका गोलाने हरणारा संघ वाईट नसतो, शेवटच्या दहा मिनिटांत त्याचे पाय संपलेले असतात. ताजे पाय बेंचवर असतात. बेंचवरच्या माणसावर तेवढा भरवसा नसला की दमलेल्यालाच खेळवत राहावं लागतं.

तुमची शेवटची दोन नावं कोणती? कारणासकट लिहा.

मुरमाचं_मैदान
9 सप्टेंबर 2025, रात्री 11:25

भाऊ, तुमचं वाचलं अन् मले सगळ्यात आधी आपला आकाश चिकटे आठवला. यवतमाळचा पोट्टा, आपल्या विदर्भाचा. 2016 ची एशियन चॅम्पियन्स ट्रॉफी, कुआंतान. श्रीजेश जखमी झाला अन् फायनलले गोलमध्ये आकाश उभा राहिला. समोर पाकिस्तान. लक्ष्मीपूजनाचा दिवस होता, घरी बायको पूजेले बोलावून राहिली अन् मी टीव्हीसमोरून हललो नाही. 3-2 ने जिंकलो. पुढच्या वर्षी ढाक्याले आशिया चषक जिंकला तेव्हाही श्रीजेश नव्हता, गुडघा गेला होता त्याचा. संघात कीपर दोन होते, एक आकाश अन् एक मुंबईचा सूरज करकेरा. दोघंही महाराष्ट्राचे! आशिया चषक महाराष्ट्राच्या दोन कीपरांच्या भरवशावर आला, हे आपल्याकडे किती लोकांले माहीत आहे?

मी पोट्ट्यांले सकाळी हॉकी शिकवतो. टर्फ नाही, मुरमाचं मैदान आहे. उन्हाळ्यात साडेसातनंतर उभं राहवत नाही म्हणून सहाले सुरू करतो. माझ्याकडे दोन कीपर आहेत अन् किट एक. पहिला खेळतो तेव्हा दुसरा बाहेर बसून बघत राहते. पॅड नाही, हेल्मेट नाही, तो काय सराव करणार? रांगेत उभं राहून बॉल उचलून देते. मॅचच्या दिवशी पहिल्याले ताप आला की यालेच उभा करतो अन् मग चार गोल खाल्ले म्हणून बाकीचे पोट्टे त्याच्यावर ओरडतात. चूक त्याची नसते जी. चूक माझी असते, मी त्याले कधी खेळवलंच नसते.

तुमचं पटलं. फक्त माझं पहिलं नाव दुसऱ्या कीपरचं राहीन. सूरज करकेरा. 2017 पासून आत-बाहेर करून राहिला, पण सोडलं नाही त्याने.

डीच्या_आत
10 सप्टेंबर 2025, सकाळी 8:10

झिरोमाइल, मांडणी आवडली, पण मला ती पूर्ण पटत नाही.

पॅरिसचे आकडे तुम्हीच दिलेत. 15 पैकी 10 गोल एकट्याचे. याचा अर्थ पहिल्या अकरांतल्या फॉरवर्डना पुरेसे गोल जमले नाहीत. हा शेवटच्या दोन नावांचा प्रश्न कसा? आपण डीच्या (गोलसमोरच्या अर्धवर्तुळाच्या) टोकापर्यंत येतो आणि तिथे गोलवर मारण्याऐवजी बचाव करणाऱ्याचा पाय शोधतो, पीसी मिळावा म्हणून. ही सवय आहे आणि ती पहिल्या फळीत आहे. याच आशिया चषकात 29 ऑगस्टला चीनला 4-3 ने हरवलं तो सामना पुन्हा बघा. आपले चारही गोल पेनल्टी कॉर्नरवर, तीन हरमनप्रीत, एक जुगराज. चीनसारखा संघ आपल्याला तीन गोल मारतो आणि आपला चालू खेळातून एकही नाही.

आणि जुगराजबद्दल. हरमनप्रीत, रोहिदास, संजय हे तिघेही फ्लिक मारतात. तो चौथा. चार फ्लिकर म्हणजे चार बॅक. मग मधल्या फळीतला किंवा पुढचा एक माणूस कमी करावा लागतो. तुमचा नियम बरोबर आहे, पीसी मिळाल्यावर बदल करता येत नाही. पण हरमनप्रीत बाहेर असताना रोहिदास किंवा संजय आत असतोच. म्हणजे त्या नियमाची सोय आधीच झालेली आहे. जुगराज चांगला नाही असं नाही, त्याच्या जागेवर आधीच तिघे आहेत.

माझी दोन नावं दोन्ही फॉरवर्ड. एक शिलानंद लाक्रा. डीमध्ये बॉल थांबवून विचार न करता मारणारा माणूस पाहिजे. दुसरं नाव ज्युनियर संघातून यावं. डिसेंबरमध्ये चेन्नई आणि मदुराईला ज्युनियर वर्ल्डकप आहे. तिथे जो पोरगा मोठ्या संघांविरुद्ध फील्ड गोल, म्हणजे चालू खेळातला गोल, करेल तो.

तर्री_आणि_टर्फ
10 सप्टेंबर 2025, सकाळी 8:55

डीच्या_आत यांना पहिल्या मुद्द्यावर +1.

एक भर घालतो. मनप्रीत. चारशेहून जास्त सामने खेळलाय, टोकियोचा कर्णधार. पॅरिसला क्वार्टर फायनलमध्ये रोहिदासला लाल कार्ड मिळालं तेव्हा मागे जाऊन बचाव सांभाळायला तोच उभा राहिला. मधल्या फळीचा माणूस, न कुरकुरता बॅक खेळला. मी तो सामना सीताबर्डीला मित्राच्या दुकानात पाहिला. रविवार, दुपारचे दीड, गिऱ्हाइकं खरेदी सोडून टीव्हीकडे बघत उभी. 17 व्या मिनिटापासून दहा जण! जवळजवळ पाऊण तास! आणि तरी 1-1, मग शूटआऊटमध्ये 4-2.

माझं म्हणणं, शेवटच्या नावांत एक नाव असं पाहिजे जे तीन जागांवर खेळू शकतं. वय बघू नका.

जुना_राईट_इन
10 सप्टेंबर 2025, दुपारी 1:30

तुम्ही सगळी मंडळी इतक्या तळमळीने लिहिता आहात म्हणून मीही चार ओळी लिहितो. मी व्हीएचएच्या (विदर्भ हॉकी असोसिएशनच्या) मैदानावर हॉकी पाहत मोठा झालो, कॉलेजच्या संघातून खेळलो, नंतर नोकरी लागली आणि स्टिक माळ्यावर गेली.

निवडीबद्दल आज तुम्ही जे वाद घालता ते वाद घालता येतात हेच मला फार मोठं वाटतं. 1998 साली बँकॉकला धनराजच्या कर्णधारपदाखाली एशियाडचं सुवर्ण आलं, 32 वर्षांनी. फायनलला कोरिया होता, पेनल्टी स्ट्रोकवर गेलेला सामना आशिष बल्लाळने वाचवला. खडकीचा धनराज देशाला सुवर्ण घेऊन आला म्हणून आम्ही पेढे वाटले होते. आणि त्यानंतर लगेच काय झालं? धनराज बाहेर, बल्लाळ बाहेर, आणखी कितीतरी जण बाहेर, प्रशिक्षक कौशिकही बाहेर. विश्रांती दिली म्हणाले. जिंकून आलेल्या संघाला विश्रांती! त्या बातमीचं कात्रण मी बरीच वर्षं जपून ठेवलं होतं. आजही ते आठवलं की छातीत कळ येते.

त्यानंतर सिडनी, 2000. पोलंडविरुद्ध 1-0 ने पुढे होतो. शेवटच्या काही क्षणांत गोल खाल्ला, 1-1, आणि सेमीफायनल गेली. तेव्हा बेंचकडे बघून कोणाला आत घ्यावं असा भरवसा वाटावा असं वातावरणच नव्हतं. खेळाडूला माहीत असायचं की आज आत आहे, उद्या का बाहेर आहे ते कोणी सांगणार नाही. असा खेळाडू चूक होऊ नये म्हणून खेळतो, जिंकायला खेळत नाही.

झिरोमाइल, बाळा, तुझ्या दोन नावांपेक्षा मला तुझं ते चौथ्या क्वार्टरचं वाक्य महत्त्वाचं वाटलं. नाव कुठलंही घ्या. त्याला कळू द्या की तू का आहेस आणि कधी उतरणार आहेस.

झिरोमाइल
10 सप्टेंबर 2025, सायंकाळी 7:15

काका, तुम्ही लिहिलंत हे फार बरं झालं. सिडनीचा तो सामना झाला तेव्हा मी चौथीत होतो. बाबांनी टीव्ही बंद केला आणि गच्चीवर जाऊन बसले, एवढंच आठवतं. का ते आज तुमच्यामुळे नीट समजलं.

डीच्या_आत, तुमचा पीसीचा मुद्दा मी टाळणार नाही. 29 ऑगस्टचा चीनचा सामना मला आठवतो, आणि शेवटच्या क्वार्टरमध्ये हात थरथरत होते हेही आठवतं. पण त्याच चीनला आठ दिवसांनी 7-0 ने हरवलं ते कसं? शिलानंद, दिलप्रीत, मनदीप, राजकुमार, सुखजीत आणि अभिषेकचे दोन. पहिल्या फळीला गोल करता येत नाहीत असं म्हणायचं तर हे कुठून आले? मला वाटतं, प्रशिक्षक फुल्टन यांची आधी बचाव भक्कम ठेवायची पद्धत आहे, त्यात फॉरवर्डला खूप मागे पळावं लागतं. त्यामुळे डीमध्ये पोहोचेपर्यंत तो दमतो आणि मग पाय शोधतो. त्याला चार मिनिटं खेळवून बाहेर काढलं आणि दुसरा तेवढाच धारदार आत आला, तर मारायची ताकद उरते. म्हणजे फिरून प्रश्न बेंचचाच येतो.

जुगराज चौथा आहे, हे मात्र मी नीट मोजलं नव्हतं. पण रोहिदासच्या बाबतीत एक सांगतो. त्याचं सगळ्यात मोठं काम आपला पीसी मारणं हे नाहीच, समोरच्याचा पीसी अडवणं हे आहे. पहिला रशर तो. ताशी शंभर किलोमीटरच्या वरच्या फ्लिकसमोर गोलरेषेवरून सरळ धावत सुटायचं, गुडघ्याला पॅड, तोंडाला मास्क आणि बाकी देवावर हवाला. पॅरिसला त्याच्यावर बंदी आली आणि जर्मनीविरुद्धची सेमीफायनल आपण पंधरांतच खेळलो. जर्मनीच्या पायलाटने पीसीवर गोल केला. रोहिदास असता तर अडलाच असता असं मी म्हणणार नाही. पण त्याच्यासारखं धावणारा दुसरा कोण, हे मला आजही सांगता येत नाही. जुगराजला ते काम शिकवा, मग तो चौथा फ्लिकर राहणार नाही, दुसरा रशर होईल. त्याची जागा मी तिथे बघतो.

धंतोलीची_फिजिओ
10 सप्टेंबर 2025, रात्री 9:50

मी फिजिओथेरपिस्ट आहे, हॉकीपटूही तपासले आहेत, म्हणून हार्दिकबद्दल लिहिते.

हॉकीत माणूस जवळजवळ पूर्ण वेळ कमरेतून वाकलेला असतो. वाकलेल्या अवस्थेत मांडीच्या मागचा स्नायू आधीच ताणलेला असतो. त्याच अवस्थेत जोरात पळायचं, एकदम थांबायचं, दिशा बदलायची. पळताना आणि थांबताना त्या स्नायूवर खूप भार येतो. मधल्या फळीचा माणूस हे दर काही सेकंदांनी करतो. हार्दिकसारखा खेळाडू बॉल पायाजवळ ठेवून पळतो, म्हणजे इतरांपेक्षा जास्त वाकून.

आता पॅरिसचं वेळापत्रक बघा. 27 जुलै ते 8 ऑगस्ट, 13 दिवसांत आठ सामने. 29 आणि 30 जुलैला लागोपाठ, 1 आणि 2 ऑगस्टला लागोपाठ. हा स्नायू एका रात्रीत भरून येत नाही. आणि एकदा दुखावलेला हॅमस्ट्रिंग घाईने खेळायला लावला तर पुन्हा जाण्याची भीती खूप असते, बऱ्याचदा आधीपेक्षा वाईट.

म्हणून मला तुमच्या चर्चेत एक गोष्ट राहून गेल्यासारखी वाटते. तुम्ही सगळे बदली खेळाडू पडल्यावर काय, असा विचार करताय. मी म्हणते, तो पडू नये म्हणून दुसरा पाहिजे. दुसऱ्या-तिसऱ्या सामन्यात, प्रतिस्पर्धी तुलनेने सोपा असताना, हार्दिकला क्वार्टरमागे सहा-सात मिनिटं कमी खेळवता आलं तर आठव्या सामन्यात तो पूर्ण ताकदीने उभा असेल. ते करायचं तर त्याच्या जागी येणाऱ्यावर सातव्या सामन्यात नाही, दुसऱ्याच सामन्यात भरवसा ठेवावा लागतो. माझं एकच नाव, राजिंदर.

आणि मुलींच्या संघाबद्दलही कोणीतरी असा धागा काढा. तिथे साताऱ्याच्या वैष्णवी फाळके आणि ऋतुजा पिसाळ खेळतात. त्यांचे सामने बघणारे आपल्यात किती आहेत?

डीच्या_आत
10 सप्टेंबर 2025, रात्री 10:30

डॉक्टर, हा मुद्दा मला आजपर्यंत कोणी असा सांगितला नव्हता. माझं दुसरं नाव मागे घेतो. ज्युनियरमधून कोणी आला तर उत्तम, पण त्याआधी राजिंदर. शिलानंद मात्र सोडत नाही.

झिरोमाइल, रशरचं पटलं. जुगराजला मी कधी रशर म्हणून बघितलंच नव्हतं. पुढच्या प्रो लीगच्या सामन्यांत आपला पीसीचा बचाव उभा राहील तेव्हा पहिला कोण सुटतो ते बघून इथेच लिहितो.

मुलींच्या संघाचा धागा मी उद्या काढतो.

तर्री_आणि_टर्फ
10 सप्टेंबर 2025, रात्री 10:48

मी मनप्रीतवर ठाम आहे. पण डॉक्टरांचं वाचल्यावर असं वाटतंय की मनप्रीतचंही वेळापत्रक असंच सांभाळायला पाहिजे. बाकीच्यांच्या तुलनेत त्याच्या पायांनी कितीतरी जास्त सामने बघितले आहेत.

जुना_राईट_इन
11 सप्टेंबर 2025, सकाळी 6:40

मुरमाचं_मैदान, तुमच्या दुसऱ्या कीपरचं वाचून रात्री नीट झोप आली नाही. माझ्याकडे जुने लेग गार्ड आहेत, पुतण्याचे. फोम थोडा दबला आहे पण पट्टे शाबूत आहेत. हेल्मेटचं मी बघतो. मैदान कुठे आहे ते कळवा, आणून देतो.

मुरमाचं_मैदान
11 सप्टेंबर 2025, सकाळी 9:20

काका, काय बोलू कळून नाही राहिलं. मेसेज केला तुम्हाले.

या रविवारी पोट्ट्यांची मॅच आहे. पहिले दोन क्वार्टर पहिला कीपर, तिसरा अन् चौथा दुसरा. स्कोअर काहीही असो, बदलणार नाही. त्याले कालच सांगून ठेवलं. ऐकलं अन् काही बोलला नाही, पण आज सकाळी सव्वापाचलेच मैदानावर येऊन बसला होता. यायचं असेल तर सगळे या, सहाले सुरू होते.